हज्जींच्या पिस्तुलाचं बॅरल

बायकोच्या नोकरीमागून परदेशी आलेला नवरा दिवसभर घरात काय करतो, हे कुवेतमधल्या पहिल्या आठ महिन्यांत लोकांनी मला इतक्यांदा विचारलं, की शेवटी मी वैतागून "पोळ्या लाटतो" असं सांगायला लागलो. ते खरंही होतं. बायको सरकारी हॉस्पिटलात नर्स, मुलगी पाच महिन्यांची, आणि मी पिंपरीच्या कारखान्यातला टूलरूम फिटर, बनेद अल-गार भागातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दुधाची बाटली कोमट करत बसलेला. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची आणि मला तिचाही राग यायचा.

मी स्वभावाने तसा तिरसटच. कारखान्यात चालून जायचं, कारण हाताला वळण होतं आणि हाताला वळण असलेल्या माणसाचा तिरसटपणा लोक खपवून घेतात. इथे हातात लाटणं. त्यामुळे सगळा तिरसटपणा बायकोच्या वाट्याला. ती बिचारी बारा तासांची ड्यूटी करून यायची, मुलीला पोटाशी घ्यायची आणि माझं तोंड बघून म्हणायची, "आज कोणावर रुसलायत? समुद्रावर की माझ्यावर?"

तिच्या ओपीडीत हात थरथरणारे पेशंट यायचे. त्यांतले एक म्हातारे कुवेती गृहस्थ. तरुणपणी वडिलांच्या व्यापारापायी सात-आठ वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे हिंदी झकास. सगळे त्यांना हज्जी म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. एकदा रक्तदाब मोजून घेताना त्यांनी तिला विचारलं, "तेरा मर्द क्या करता है?"

खरं उत्तर तिला माहीत होतं. पण ती म्हणाली, "फिटर आहे. त्याने कानस मारलेल्या दोन तुकड्यांमध्ये केस जात नाही."

हे तिने संध्याकाळी मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. कशाला फुशारक्या मारायच्या? ती शांतपणे म्हणाली, "फुशारकी कसली? मी तुमच्या आईकडून ऐकलंय ते सांगितलं. आणि शनिवारी तुम्हाला बोलावलंय."

बोलावलं होतं ते नेमबाजीच्या क्लबात, शहराबाहेर वाळवंटात. तिथल्या शस्त्रखोलीला दोन लोखंडी दारं आणि प्रत्येक दाराशी एक सही. हज्जींनी आतल्या टेबलावर एक लाकडी पेटी उघडली. मी तोवर पिस्तूल बघितलं होतं ते पोलिसाच्या कमरेला, तेही चामड्याच्या आत. हे वेगळंच होतं. कुठल्या एका कारखान्यातून आलेलं नव्हतंच. सांगाडा एकीकडून मागवलेला, वरची सरकणारी स्लाइड दुसरीकडून, घोडा तिसरीकडून, आणि हे सगळं एकमेकांत बसवलं होतं हज्जींनी स्वतः, याच टेबलावर, तीन हिवाळे खर्चून. मी स्लाइड मागे ओढून सोडली. ती जशी परत आली तशी माझ्या पिंपरीच्या उस्तादांच्या हातची कामं बसायची.  माझा चेहरा बघून हज्जी हसले.

मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो सारखा हलत होता, भरलेला चहाचा पेला धरता येऊ नये इतका. पण पिस्तूल हातात घेऊन लांब केला की काही क्षण स्थिर व्हायचा. ते क्षण कमी कमी होत चालले होते. क्लबची हिवाळ्यातली मॅच साठ गोळ्यांची. आदल्या वर्षी बेचाळीस गोळ्यांवर त्यांना पिस्तूल खाली ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या हिवाळ्यात हात वर जाईलच असं नाही.

"एक बार साठ पूरा करना है," ते म्हणाले. "नंबर नहीं चाहिए. बस साठ."

त्यासाठी त्यांनी नवं बॅरल, म्हणजे पिस्तुलाची नळी, मागवलं होतं. जुनं बारीक होतं, आणि त्याच्या तोंडाशी स्लाइडमध्ये एक बारकी कडी बसवलेली होती, ती त्याला धरून ठेवायची. नवं तोंडापर्यंत सारखंच जाड, कडी-बिडी काही नाही. क्लबातले लोक त्याला बुल बॅरल म्हणत. वजन पुढे आलं की पिस्तुलाचं नाक नाचत नाही, गोळी सुटल्यावर उसळतही कमी. ते आणायला मंत्रालयाच्या कागदांत सात महिने गेले होते आणि दुसरं आणायचं तर पुन्हा तेवढेच. म्हणजे हे एकच बॅरल, हा एकच हिवाळा. आणि ते बसवायला स्वतःचे हात चालेनात म्हणून हज्जींना माझे हवे होते.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. त्या दिवशी मी समुद्राबद्दल काही वाईट बोललो नाही, असं तिने नंतर अनेकदा बोलून दाखवलं. क्लबने माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, स्वतःकडे करून घेतला, कागद हातात पडले, शेजारची मल्याळी मावशी मुलीला सांभाळायला तयार झाली आणि मी कामाला लागलो. पुढे त्या शस्त्रखोलीत माझी दहा वर्षं गेली. पण ते सगळं नंतर.

असं बॅरल बसवायचं म्हणजे ठोकून बसवायचं नसतं. त्याच्या मागच्या टोकाला एक चपटी जीभ असते. ती स्लाइडमधल्या खाचेत अशी बसली पाहिजे की अडकणार नाही आणि हलणारही नाही. सैल झाली तर बॅरल दर गोळीला वेगळ्या जागी बसतं, मग नेम कितीही धरा. नवी जीभ मुद्दाम जाड ठेवलेली असते. तिच्यावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवायचा, बसवायचं, काढायचं. जिथे रंग पुसला गेला तिथे धातू धातूला लागतोय. तिथे कानशीचा एक हलका हात. पुन्हा रंग. पुन्हा बसवायचं. पिंपरीत मी हेच करत होतो, फक्त साच्यांवर.

हज्जी रोज येऊन बसायचे. बारक्या काचेच्या पेल्यातला काळा चहा टेबलावर, कारण तो हातात घेऊन पिता येत नसे. टेबलावर वाकून, ओठ पेल्याला लावून प्यायचे. पहिल्या दिवशी मी नजर दुसरीकडे वळवली, नंतर सवय झाली. मी घाई केली की म्हणायचे, "शुवय शुवय." हळूहळू. ह्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त घाई असायला हवी आणि हाच मला हळू म्हणतोय, याचं मला नवल वाटायचं. आणि खोटं का बोला, थोडा रागही यायचा.

काम निम्म्यावर आलं आणि शस्त्रखोलीतली निळ्या रंगाची ट्यूब संपली. उरलेला रंग उन्हाळ्यात वाळून खडा झाला होता. शुवैखच्या औद्योगिक भागात शंभर दुकानांत ती मिळाली असती. पण त्यात एक दिवस मोडला असता, आणि मला बायकोचा शब्द खरा करून दाखवायची इतकी खुमखुमी होती की एक दिवस मला एक महिना वाटला. पिंपरीला रंग संपला की आमचे उस्ताद दिव्याची काजळी वापरायचे. मला ते आठवलं आणि घरातली काजळाची डबी आठवली.

मुलीसाठी काजळ बायकोने घरीच धरलं होतं, तिच्या आईच्या पद्धतीने. एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याचं ताम्हन उपडं, रात्रभर धरलेली काजळी खरवडून तुपात आणि कापरात कालवलेली. सकाळी मी त्यातलं नखभर कागदावर घेतलं आणि खिशात टाकलं. बायकोला विचारलं नाही.

"ये क्या?" हज्जींनी विचारलं.

"हमारा देसी तरीका," मी रुबाबात म्हणालो. त्यांनी मान डोलावली. त्यांनीही कधीकाळी मेणबत्तीची काजळी वापरलेली असणार.

उस्तादांची काजळी कोरडी असायची हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. ही तुपातली. पातळ लागायचं नावच नाही. थर जाड, तो धातू न लागताही दबून पुसला जायचा, आणि मला वाटायचं इथे अजून लागतंय. मी एक हात मारला. पुन्हा डाग. आणखी एक. पुन्हा डाग. कानशीच्या आवाजावरून हाताला कळत होतं की काहीतरी चुकतंय. फिटरचा हात आधी ओळखतो आणि डोकं मागून येतं. पण मी डोळ्यांवर विश्वास ठेवला, कारण डोळ्यांना जे हवं होतं तेच दिसत होतं. पाच-सहा हात झाले असतील. मग बॅरल बसवलं, स्लाइड बंद केली आणि अंगठ्याने दाबून बघितलं.

ते हललं. अगदी जरासं, पण हललं. खट्.

 पुन्हा दाबलं. खट्. घासलेला धातू परत येत नाही, एवढी एकच गोष्ट मी पंधरा वर्षांत शिकलो होतो. मी मान खाली घालून तसाच उभा राहिलो. हज्जी उठले, नमाजाला जाऊन येतो म्हणाले आणि बाहेर गेले. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

ते परत आले तोवर मी वाक्य तयार ठेवलं होतं. जिभेवर थोडा धातू वेल्डिंगने चढवावा लागेल, म्हणजे फिट जास्त चांगला येईल, असं असतंच. असं मी बोललो. असं असतंच! हज्जी म्हणाले, "ठीक है. आदमी कौन?"

घरी बायकोला मात्र खरं सांगितलं. तिच्यापासून लपवण्याइतकी अक्कल किंवा हिंमत माझ्यात कधीच नव्हती. आधी ती हसली. "पोरीचं काजळ? पिस्तुलाला?" मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"तू त्यांना केस जात नाही म्हणून सांगितलंस ना! काय तोंडाने सांगू?"

ती मुलीच्या पाठीवर थोपटत राहिली. "माझ्या शब्दाचं सोडा. त्यांच्या हाताचा प्रश्न आहे. उद्या सांगा."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्याही नाही. ती रोज ड्यूटीवरून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "सांगितलंत?" मी नाही म्हटलं की पुढे काही बोलायची नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

वेल्डर मिळाला तो आमच्यातलाच, अहमदीच्या तेलकंपनीच्या वर्कशॉपमधला एक नाशिककर. बॅरल शस्त्रखोलीबाहेर न्यायची परवानगी नव्हती, तेव्हा हज्जींनी खटपट करून त्यालाच आत आणायची परवानगी काढली. तो सुटीच्या दिवशी मशीन गाडीत घालून आला. मी कोपऱ्यात नेऊन त्याला मराठीत सगळं सांगितलं.

"काजळ लावलंस?" तो म्हणाला. "मग आता हळद लाव आणि उडवून टाक बार." पण कामाला बसला तेव्हा एक अक्षर बोलला नाही. बॅरलभोवती ओल्या फडक्याचे वेढे दिले, सुई टेकवावी तशी ज्योत टेकवली आणि जिभेवर तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूची एक रेघ ओढली. बॅरलला आच लागू दिली नाही. असा हात मी आजवर दुसरा पाहिला नाही. हज्जी लांब उभे राहून बघत होते. निघताना त्यांनी त्याला खजुरांचा डबा दिला, आणि तो मला हळूच म्हणाला, "सांगून टाक रे म्हाताऱ्याला. चांगला माणूस आहे."

आता दोघं झाले सांगणारे.

शुवैखला जाऊन मी निळ्या रंगाच्या दोन ट्यूब आणल्या. मग सुरू केलं ते पुन्हा पहिल्यापासून. बोटाला लागेल न लागेल इतका रंग, बसवायचं, काढायचं, बघायचं. दिवसाकाठी कानशीचे चार हात. कधी कधी दोनच. तीन आठवडे गेले. मॅच जवळ येत होती आणि हज्जींचा सराव होत नव्हता. हे तीन आठवडे मी खाल्ले होते. ते मात्र रोज येत, वाकून चहा पीत आणि मुंबईच्या गोष्टी सांगत. मोहम्मद अली रोडवरची खानावळ, गोदीतले हमाल, समोरच्या चाळीतली एक मुलगी, जिला ते कधीच काही बोलले नाहीत. माझ्याच्याने तेव्हा मान वर होत नसे. त्यांचा हात आधीपेक्षा जास्त हलतोय असं मला रोज वाटायचं. बायकोला विचारलं तर म्हणायची, "तुम्ही रोज तेच बघताय म्हणून वाटतंय." पण तिचा आवाज नर्सचा असायचा, आणि नर्सच्या आवाजावर मी विश्वास ठेवत नाही.

शेवटी एका सकाळी ते बसलं. अंगठ्याने दाबलं, हललं नाही. स्लाइड ओढून सोडली आणि ती पहिल्या दिवशीसारखी परत आली. हज्जींनी पिस्तूल हातात घेतलं, लांब धरलं. नाक खाली ओढल्यासारखं स्थिर. त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. कागदावरची पाचही भोकं एका चहाच्या बशीखाली झाकली गेली असती.  मग त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरून कपाळाला ओठ लावले. माझे वडील गेल्यापासून असं कोणी केलं नव्हतं. आणि मी तेव्हाही सांगितलं नाही.

मॅचच्या दिवशी मी भिंतीपाशी उभा राहून मोजत होतो. तिसाव्या गोळीपर्यंत ठीक. चाळिशीनंतर प्रत्येक गोळीआधी ते पिस्तूल खाली टेकवायचे, श्वास घ्यायचे. बेचाळीस. त्रेचाळीस झाली तेव्हा माझ्या तोंडून "चला" असं मोठ्याने निघालं आणि शेजारच्या माणसाने वळून बघितलं. जाड बॅरल जड होतं. नाक धरून ठेवत होतं खरं, पण खांद्याकडून तेवढंच वसूलही करत होतं. पन्नासाव्या गोळीला हात अर्ध्यातून परत आला. छप्पनावीला दोनदा. बाकीचे सगळे संपवून उभे होते. वेळ संपायला फार अवकाश नव्हता. साठावी गोळी कागदाच्या अगदी कडेला लागली. त्यांनी पिस्तूल ठेवलं, मागे वळले आणि मला शोधायला लागले.

यादीत त्यांचं नाव खालून दुसरं होतं. लोक येऊन मिठ्या मारत होते आणि ते माझ्याकडे बोट दाखवून अरबीत काही सांगत होते. एकाने मला इंग्रजीत समजावलं, "ते म्हणतायत, ह्याने धातूवर धातू चढवून घेतला, इतका काळजीवाला माणूस आहे."

मग मला राहवेना. गर्दी पांगल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं ओकून टाकलं. काजळ, तूप, जास्तीचे हात, वेल्डिंगचं खोटं कारण. तुमचे तीन आठवडे मी खाल्ले म्हटलं. ते खाल्ले नसते तर कदाचित आज खांदा एवढा थकला नसता.

हज्जींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मालूम है."

"मालूम है?"

"ये पिस्तौल मैंने बनाया है. खट् हुआ, मैंने सुना." ते थांबले. "फिर देखा, तेरा हाथ काँप रहा था. मेरे जैसा. लोग मेरा हाथ देखते हैं तो मुझे अच्छा नहीं लगता. इसलिए मैं बाहर गया. नमाज का वक्त नहीं था."

 माझे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही भान राहिलं नाही. तीन आठवडे हा माणूस मला मुंबईच्या गोष्टी सांगत माझ्याशेजारी बसला होता, मी लपवतोय हे माहीत असून, आणि स्वतःचा एकच हिवाळा हातातून चाललेला असून.

नेम धरताना टोचू नये म्हणून त्यांनी दिशदाशाच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ अंगरख्याच्या, उजव्या बाहीचं चांदीचं बटण काढून खिशात ठेवलं होतं. ते त्यांनी आता बाहेर काढलं, एकदा स्वतः लावायचा प्रयत्न केला, आणि मग बटण माझ्या तळहातावर ठेवून मनगट माझ्यापुढे धरलं. मी बाहीची दोन टोकं जुळवायला लागलो. त्यांचा हात थकून एकसारखा हलत होता आणि माझाही काही स्थिर नव्हता. दोनदा बटण घसरून खाली पडलं, दोनदा मी ते उचललं.

"शुवय शुवय," ते म्हणाले, आणि ते लागेपर्यंत त्यांनी हात मागे घेतला नाही.